वजाबाकी करून निवडलेले गाव

निवृत्तीनंतर कुठे राहणार, या प्रश्नाला आमच्या ओळखीच्या मराठी घरांत साधारण तीन उत्तरे ऐकू येतात: फ्लोरिडा किंवा टेक्ससची ऊब, मुले स्थिरावतील ते शहर, नाहीतर पुण्यातला फ्लॅट. आमचे उत्तर ऐकल्यावर मात्र समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, ‘‘अजून उत्तरेला?’’ आम्ही राहतो तो डेट्रॉइटचा परिसरच पुष्कळांना पुरेसा थंड वाटतो, आणि आम्ही निवडत आणलेले लोरियम हे गाव तिथून साडेपाचशे मैलांवर, लेक सुपीरियरच्या पाण्यात शिरलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर आहे. गावाची वस्ती दोन हजारांच्या आत आहे आणि त्या भागात वर्षाला सरासरी दोनशे इंचांहून अधिक, म्हणजे पाच मीटरांच्या वर बर्फ पडतो. मी आता ५७ वर्षांचा आहे, पत्नी माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, आणि प्रत्यक्ष मुक्काम हलवायला अजून सात-आठ वर्षे आहेत. तरीही हे गाव ठरवण्यात आमची पाच वर्षे गेली, कारण पहिली तीन वर्षे आम्ही चुकीच्या गोष्टी पाहत होतो.

या भागाशी माझा संबंध १९९२ पासूनचा. देवरुखला शाळा आणि कराडला अभियांत्रिकीची पदवी झाल्यावर मी एम.एस.साठी मिशिगन टेकमध्ये आलो. १८८५ मध्ये खाणकामाचे शिक्षण देण्यासाठी सुरू झालेली ही संस्था ज्या गावात आहे, त्याच्या नावाचे स्पेलिंग पाहून आम्ही मुंबईच्या विमानतळापासून ‘हाउटन’ म्हणत आलो होतो. तिथे उतरल्यावर कळले की लोक त्याला ‘होटन’ म्हणतात. पहिला बर्फ ऑक्टोबरमध्ये पाहिला आणि शेवटचा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. वडिलांना पत्रातून हे कळवले तेव्हा त्यांनी थंडीबद्दल एक अक्षरही न लिहिता उलट टपाली विचारले की, तिथली माणसे छपराची काळजी कशी घेतात? दर मे महिन्यात स्वतः कौलांवर चढून शाकारणी करून घेणाऱ्या माणसाला पडलेला तो योग्यच प्रश्न होता. देवरुखच्या पावसाळ्याची आणि कीविनॉच्या हिवाळ्याची जात एकच आहे, हे मला फार उशिरा उमगले. दोन्हीकडे आभाळ चार-पाच महिने घरावर येऊन बसते, दोन्हीकडे त्याआधी लाकूडफाटा, धान्य आणि छप्पर यांची बेगमी करावी लागते, आणि दोन्हीकडची माणसे ‘यंदा कमीच पडला’ असे म्हणत असतात.

इतका बर्फ तिथेच का पडतो, याचे कारण सरोवरात आहे. कॅनडातून येणारी कोरडी, गोठलेली हवा लेक सुपीरियरच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहताना बाष्प उचलते, द्वीपकल्पाच्या मधल्या उंच कण्यावर ती वर ढकलली जाते आणि तिथे ते सगळे बाष्प बर्फ होऊन खाली येते. सरोवर पूर्णपणे क्वचितच गोठते, त्यामुळे हा कारखाना नोव्हेंबरमध्ये सुरू झाला की फेब्रुवारी उलटेपर्यंत चालू राहतो. लोरियमच्या उत्तरेला, महामार्ग ४१ च्या कडेला बर्फाची उंची दाखवणारी एक उंच मोजपट्टी उभी आहे. तिच्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याची ३९०.४ इंचांची खूण आहे, म्हणजे जवळपास दहा मीटर. त्या खुणेखाली उभे राहून पाहुण्यांचे छायाचित्र काढायची तिथे पद्धत आहे, आणि आमच्या आईवडिलांचेही तसे एक छायाचित्र आहे. वडील त्यात मोजपट्टीकडे नव्हे, तर मागच्या एका घराच्या पत्र्याच्या उतरत्या छपराकडे पाहत आहेत.

सुरुवातीला आम्हाला हवे होते ते सरोवराकाठचे लाकडी घर. द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला कॉपर हार्बर नावाची चिमुकली वस्ती आहे. महामार्ग ४१ तिथे सुरू होतो आणि मायामीपर्यंत जातो. रस्त्याच्या त्या टोकाला तसा फलकही लावलेला आहे. वस्तीच्या मागे ब्रॉकवे डोंगर, समोर अथांग पाणी, जूनमध्ये पावणेदहापर्यंत न मावळणारा सूर्य. पूर्वेकडच्या प्रमाणवेळेच्या पट्ट्याच्या पश्चिम कडेला हा भाग येत असल्याने तिथल्या उन्हाळी संध्याकाळी संपता संपत नाहीत. सलग तीन उन्हाळे आम्ही तिथल्या आणि ईगल हार्बरच्या आसपासच्या जागा पाहिल्या. एका घराच्या बाबतीत तर आम्ही बोलणी करण्यापर्यंत गेलो होतो.

ते घर का घेतले नाही, याचे श्रेय पत्नीचे आहे. ती फिजिओथेरपिस्ट आहे. गेली पंचवीस वर्षे पडलेली, खुब्याचे हाड मोडलेली, गुडघे बदललेली माणसे पुन्हा चालायला शिकवणे हे तिचे काम आहे, आणि त्यांपैकी पुष्कळजण घरी परत जाऊ शकत नाहीत याचे कारण त्यांची तब्येत नसून त्यांचे घर असते, असे ती नेहमी सांगते. सरोवराकाठच्या त्या घराच्या ओट्यावर बसून मी समोरच्या पाण्याचे कौतुक करीत असताना ती म्हणाली, ‘‘आता यातून गाडी वजा कर.’’ मला कळले नाही. तिने समजावले की तुझ्या वयाच्या ७९व्या वर्षी मोतीबिंदूमुळे असो, हाताच्या कंपामुळे असो, गाडी चालवायचे बंद झाले असे समज आणि मग सांग की दूध कुठून येईल. मी म्हणालो, तू चालवशील. त्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘‘मग आता मलाही वजा कर.’’

त्या दिवशी आमची पाहण्याची पद्धत बदलली. तोपर्यंत आम्ही पासष्टीच्या, हातीपायी धडधाकट, एकमेकांच्या सोबतीने राहणाऱ्या जोडप्यासाठी गाव शोधत होतो. ते जोडपे फार तर दहा-बारा वर्षे टिकणार, आणि त्यानंतर त्याच गावात त्यांपैकी कोणीतरी एकजण, बहुधा तीच, आणखी काही वर्षे एकट्याने काढणार. म्हणजे गाव निवडायचे ते त्या एका माणसासाठी. प्रत्येक जागेतून आम्ही तीन वजाबाक्या करायच्या ठरवल्या: गाडी वजा, जिना वजा, जोडीदार वजा. उरले त्यात जगता आले पाहिजे. हा हिशेब ऐकून माझ्या एका मित्राने आम्हाला अशुभ बोलू नका म्हणून बजावले. पण पावसाळ्यापूर्वी कौले चाळणारा माणूस पावसाला आमंत्रण देतो असे कोणी म्हणत नाही.

पहिल्याच वजाबाकीत कॉपर हार्बर गेले. तिथून किराणा, औषधाचे दुकान आणि डॉक्टर यांच्यासाठी लोरियम-कॅल्युमेटपर्यंत तीस-पस्तीस मैल यावे लागते, आणि जानेवारीतले तीस मैल व जूनमधले तीस मैल यांत किती फरक असतो ते मला विद्यार्थिदशेपासून माहीत आहे. ईगल हार्बरचेही तेच. होटन माझ्या आवडीचे. विद्यापीठ, सुमारे सात हजार विद्यार्थी, १९२२ पासून भरणारा हिवाळी उत्सव, त्यातले घराएवढे बर्फाचे पुतळे, पाण्याकाठची मुख्य पेठ, सगळे हाकेच्या अंतरावर. परंतु होटन उतारावर वसले आहे आणि कालव्यापलीकडचे हॅनकॉक त्याहूनही उभ्या उतारावर. दुसऱ्या वजाबाकीत जिना काढायचा, तर मग अख्खे गावच जिना असून कसे चालेल? पत्नीने हॅनकॉकच्या एका गल्लीच्या वरच्या टोकाला उभे राहून खाली पाहिले आणि वहीत फक्त एक रेघ मारली.

कॅल्युमेट आणि लोरियम ही एकमेकांना चिकटलेली दोन गावे मात्र द्वीपकल्पाच्या कण्यावर, सरोवराच्या पातळीपासून सुमारे सहाशे फूट उंच अशा सपाट माथ्यावर आहेत. उंचीमुळे बर्फ जास्त पडतो, हा तोटा. सपाटीमुळे चालता येते, हा फायदा, आणि तो आम्हाला मोठा वाटला. तांब्याच्या खाणींच्या वैभवाच्या काळात आखलेले सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, त्यांच्या कडेला पदपथ, चालत जाण्याच्या अंतरावर दवाखाना, औषधाचे दुकान, टपाल कार्यालय, बेकरी. ज्याला अमेरिकेत गाडीशिवाय जगण्याची सोय म्हणावे, ती मला मोठ्या उपनगरात तीस वर्षांत मिळाली नाही आणि दोन हजारांच्या आतल्या या गावात मिळाली. याचे कारण साधे आहे: गाव आखले गेले तेव्हा खाणकामगारांकडे मोटारी नव्हत्या.

सर्वांत जास्त वेळ आम्ही रुग्णालयाच्या प्रश्नावर घालवला. लोरियममध्येच एक छोटे रुग्णालय आहे. ग्रामीण भागातल्या अशा रुग्णालयांना केंद्र सरकारच्या एका विशेष वर्गात धरले जाते. त्यांना २५ पेक्षा अधिक खाटा ठेवता येत नाहीत आणि मोबदल्यात मेडिकेअरकडून, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याकडून, त्यांचा खर्च अधिक उदारपणे भागवला जातो. तातडीचे उपचार, तपासण्या, साधे अस्थिभंग, ताप, न्यूमोनिया यांसाठी ते पुरेसे आहे. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा तशा मोठ्या कामासाठी मात्र मार्क्वेटला जावे लागते, जे शंभर मैलांहून दूर आहे. रस्ता स्वच्छ असेल तर दोन तासांच्या पुढे आणि वादळ असेल तर कधी ते सांगता येत नाही. हे अंतर नाहीसे करता येत नाही, म्हणून आम्ही ते स्वीकारले. पण स्वीकारणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. ज्याला एखादा जुनाट विकार असून दर पंधरवड्याला तज्ज्ञाकडे जावे लागते, त्याने हे गाव निवडू नये असेच मी सांगेन, आणि आमच्यापैकी कोणाला पुढच्या सात वर्षांत तसे काही जडले तर आम्हीही बेत रद्द करू.

याच्याच जोडीला विम्याचा एक मुद्दा आहे, जो आपल्या मंडळींच्या गप्पांत क्वचितच येतो. वयाच्या ६५व्या वर्षी मेडिकेअर मिळते, पण त्याचे दोन मार्ग असतात. खासगी कंपन्या चालवतात त्या ॲडव्हान्टेज योजना हप्त्याला स्वस्त असल्या, तरी त्या बहुधा ठरावीक डॉक्टरांच्या जाळ्यापुरत्या असतात, आणि विरळ वस्तीच्या भागात ते जाळे विरळच असते. मूळ सरकारी मेडिकेअर घेऊन त्यावर पूरक विमा घेतला, तर मेडिकेअर स्वीकारणारा कोणताही डॉक्टर चालतो. मात्र तो पूरक विमा तब्येतीची चौकशी न करता मिळण्याची मुदत, पासष्टी गाठून मेडिकेअरचा ‘भाग बी’, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाल्यापासून फक्त सहा महिने असते. नंतर घ्यायला गेल्यास कंपनी तब्येतीचे कारण दाखवून बहुतेक राज्यांत नकार देऊ शकते. गाव बदलण्याचा आणि हा पर्याय निवडण्याचा निर्णय म्हणूनच वेगवेगळा घेता येत नाही. मेडिकेअर सर्वसाधारणपणे देशाबाहेर चालत नाही, हेही इथेच नोंदवतो, कारण देवरुखचा विचार आम्ही केलाच नाही असे नाही. त्याकडे पुढे येतो.

पैशांच्या बाजूने हा भाग स्वस्त आहे. आमच्या उपनगरातले घर विकले तर लोरियममध्ये ऐसपैस घर घेऊन वर बरीच रक्कम उरेल. परंतु इथे एक खाचखळगा आहे. मिशिगनमध्ये १९९४ पासून घराचे करपात्र मूल्य दरवर्षी महागाईच्या दराने किंवा पाच टक्क्यांनी, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वाढू शकते. घर विकले गेले की पुढच्या वर्षी ही मर्यादा उठते आणि करपात्र मूल्य बाजारभावाच्या निम्म्यावर जाऊन बसते. त्यामुळे तीस-चाळीस वर्षे एकाच घरात राहिलेल्या आजीबाईंचे करबिल पाहून ‘वा, कर किती कमी’ असे जो म्हणतो, त्याला दीड वर्षाने खरे बिल येते. शिवाय राहत्या घराला शाळांसाठीच्या करातून १८ मिलपर्यंत सूट असते, एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर. दुसऱ्या घराला ती सूट नाही. समजा घराची किंमत १,२०,००० डॉलर आहे, तर करपात्र मूल्य ६०,००० आणि हुकणारी सूट वर्षाला १,०८० डॉलर. निवृत्तीच्या सात वर्षे आधी घर घेऊन ठेवायचे, तर साडेसात हजार डॉलर नुसते या एका कलमात जातात, आणि वर रिकाम्या घराची हिवाळ्यातली काळजी वेगळी. म्हणून आम्ही गाव आत्ता ठरवले आहे आणि घर नंतर घेणार आहोत. लोकांना हे उलटे वाटते.

घर कसे असावे याची यादी मात्र तयार आहे, आणि ती पाहून वडील खूश झाले असते. तिथली बहुतेक घरे १९०० च्या आगेमागे बांधलेली, खाणीतल्या टाकाऊ दगडाच्या पायावर उभी असलेली आहेत. काहींचे दर्शनी भाग त्या भागातल्या प्रसिद्ध तांबड्या वालुकाश्मातले आहेत, आणि खाणमालक व व्यापारी यांच्या काही हवेल्या तर पाहत राहाव्यात अशा. हवेल्या आम्ही बाहेरूनच पाहिल्या. आम्हाला हवे आहे ते तळमजल्यावर झोपण्याची खोली आणि पूर्ण न्हाणीघर असलेले, पत्र्याच्या तीव्र उताराच्या छपराचे घर, ज्याच्या छपरावरून घसरणारा बर्फ दारात न पडता बाजूला पडेल. दाराबाहेर आच्छादित पडवी हवी, कोकणातल्यासारखीच, म्हणजे ओले बूट आणि फावडी तिथेच राहतील. जुने वीजतंतू बदललेले हवेत, कारण विमा कंपन्या त्यावर अडून बसतात. बर्फ सारायला तिथे खांद्याने उचलायचे फावडे नव्हे, तर दोन हातांनी ढकलायचे मोठे पसरट सूप वापरतात. त्याचे उपकरण म्हणून असलेले शहाणपण पत्नीने पाहताक्षणी ओळखले: उचलणे नाही, त्यामुळे पाठ आणि हृदय दोन्ही वाचतात. मी त्याचा पहिला प्रयोग गेल्या मार्चमध्ये केला आणि पाऊण तासात शेजारच्या सत्तरीच्या गृहस्थांनी येऊन, काही न बोलता, माझ्या हातातून ते घेऊन कसे धरायचे ते दाखवले.

त्याच मुक्कामात एक गोष्ट कळली जी उन्हाळ्यात कधीच कळली नसती. कडाक्याच्या थंडीत जमीन इतकी खोलवर गोठते की, पाण्याच्या नळ्या फुटू नयेत म्हणून त्या भागातल्या नगरपालिका काही घरांना एक नळ अहोरात्र बारीक धारेने चालू ठेवायला सांगतात. आम्ही भाड्याने घेतलेल्या घरातला स्वयंपाकघराचा नळ आठवडाभर तसाच वाहत होता. ठिबकता नळ दिसला की उठून तो बंद करणे ही ज्याची कोकणातली सवय, त्याला पहिल्या रात्री झोप लागली नाही. दोनदा उठून मी तो बंद करायला गेलो आणि दोनदा परत आलो.

पडत्या वस्तीचे गाव निवडण्यात धोका आहे, हे आम्ही नाकारत नाही. या द्वीपकल्पावर १८४० च्या दशकात तांब्याची खाण सुरू झाली, आणि १९१० मध्ये होटन काउंटीची लोकसंख्या ८८,०९८ होती. २०२० मध्ये ती ३७,३६१ भरली. शेवटच्या मोठ्या कंपनीच्या खाणी १९६८ च्या संपानंतर कायमच्या बंद पडल्या. हॅनकॉकचे फिनलँडिया विद्यापीठ, जे फिन्निश स्थलांतरितांनी १८९६ मध्ये काढले होते, तेही २०२३ मध्ये बंद झाले. म्हाताऱ्या माणसाला गावात तरुण माणसे लागतात: बर्फ सारणाऱ्या गाडीने रस्ता साफ करणारा, नर्स, वीजतंत्री, केस कापणारा. जिथून तरुण निघून जातात तिथे म्हाताऱ्याला निसर्गसौंदर्य पुरत नाही. त्या दृष्टीने बारा मैलांवरचे विद्यापीठ हा लोरियमचा खरा आधार आहे, आणि तो नसता तर आमचा निर्णय वेगळा झाला असता. विमानतळही जवळ आहे, तिथून शिकागोला विमान मिळते. पण ती सेवा केंद्र सरकारच्या अनुदानावर चालते, म्हणून हिशेबात आम्ही तिला अर्धेच धरले.

गावाविषयीचा माझा ओढा मात्र आकड्यांच्या बाहेरचा आहे. कॅल्युमेटमध्ये इटालियन हॉलची दगडी कमान उभी आहे. इमारत १९८४ मध्ये पाडली, कमान तेवढी ठेवली. १९१३ च्या खाणसंपात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी संपकऱ्यांच्या मुलांसाठी तिथे समारंभ होता. कोणीतरी आग लागल्याची आरोळी दिली, आग कुठेच नव्हती, पण जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत ७३ माणसे गेली आणि त्यांत ५९ मुले होती. पुष्कळशी फिन्निश कुटुंबे. ती माणसे इंग्रजी धड न येता इथे आली, मुले पुरली, आणि तरीही इथेच राहून म्हातारी झाली. आजही गावातल्या पाट्यांवर आणि टपालपेट्यांवर फिन्निश, क्रोएशियन, इटालियन आडनावे दिसतात. परक्या मुलखातून येऊन इथे म्हातारे होण्याची वाट या गावाने आधीच पाडून ठेवली आहे, असे मला त्या कमानीखाली उभे असताना वाटले. पत्नीला तसे काही वाटले नाही. ती म्हणाली, भावना राहू देत, पण आपल्याला कॉफीला बोलावणारे कोणी आहे का ते पाहू.

तसे कोणी आहे का, याचा अंदाज आम्ही बेकरीवरून घेतला. फिन्निश लोकांचा ‘निसू’ नावाचा गोडसर पाव तिथे मिळतो, आणि त्यात वेलदोडा असतो. मार्चच्या सकाळी, साडेआठ वाजता, उणे पंधरा तापमानात दुकानाचे दार उघडले की नाकात वेलदोड्याचा वास शिरतो, आणि क्षणभर माणसाला आपण कुठे आहोत हे कळत नाही. खाणकामगारांबरोबर कॉर्नवॉलहून आलेली ‘पॅस्टी’ म्हणजे मोठी खारी करंजीच. आम्ही शाकाहारी असल्याने आमच्यासाठी ती बटाटा आणि सलगमाची. चार दिवस रोज गेल्यावर पाचव्या दिवशी गल्ल्यावरच्या बाईंनी आम्हाला विचारले की तुम्ही कोणाकडे उतरला आहात, आणि भाड्याच्या घराचा पत्ता सांगितल्यावर त्या घराचे मागचे तीन मालक त्यांनी सांगितले. देवरुखच्या बाजारपेठेत नेमके हेच झाले असते. तूरडाळ, पोहे, कोकम यांची मात्र वर्षाची बेगमी डेट्रॉइटहूनच न्यावी लागेल, आणि ताज्या कढीपत्त्यासाठी कुंडी.

देवरुखला मोठा भाऊ आहे, वडिलोपार्जित घर आहे, आणि दर डिसेंबरात आम्ही तिथे राहतो. तिथे का जात नाही, असे वहिनी दर वेळी विचारतात. ‘‘भावोजी, बर्फात मरायला जाण्यापेक्षा इथे माडाखाली बसा की,’’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. मी त्यांना मेडिकेअरचे आणि मुलांचे कारण सांगतो, आणि ती कारणे खोटी नाहीत. मुलगी शिकागोला आहे, आणि लोरियमहून डेट्रॉइट जितके दूर आहे त्यापेक्षा शिकागो जवळ आहे. पण खरे कारण असे की, देवरुखमधून वजाबाकी करताना माझा हात चालत नाही. तिथे मला जोडीदार, जिना, गाडी यांतले काहीच वजा करता येत नाही, कारण ते घर माझ्या डोक्यात १९८५ मध्ये थांबलेले आहे आणि त्यात आईवडील आहेत. ज्या गावाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहता येत नाही, ते म्हातारपणासाठी निवडणे मला जमले नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो, आणि त्यातही तो बऱ्याच दिवशी ढगाआड असतो. वीज महाग आहे. जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास इतके असतात की पहिल्या तीन उन्हाळ्यांत आम्ही ज्या ओट्यांवर बसून घरे पसंत करीत होतो, त्या ओट्यांवर जुलैच्या आधी बसताच येत नाही. आणि नोव्हेंबर. तिथल्या ज्या ज्या माणसाला आम्ही विचारले, त्याने हिवाळ्याबद्दल तक्रार केली नाही. फेब्रुवारीत बर्फ पांढरा असतो, लोक स्कीवर असतात, संध्याकाळी सौनात बसतात. नोव्हेंबरमध्ये मात्र पाने गेलेली असतात, बर्फ टिकत नाही, चिखल असतो आणि सरोवरावरून वारा येतो. मार्च आम्ही पाहिला, नोव्हेंबर राहिला आहे.

म्हणून येत्या नोव्हेंबरसाठी लोरियममध्ये चार आठवडे एक घर भाड्याने घेतले आहे: तळमजल्यावर झोपण्याची खोली असलेले, बेकरीपासून सात मिनिटांवर. पहिले दोन आठवडे तिथे पत्नी एकटी राहील आणि नंतरचे दोन मी. गाडी वापरायची नाही, असे ठरले आहे. एकमेकांना सोडायला किंवा न्यायला विमानतळापर्यंत यायचे नाही, हेही. रोज रात्री नऊला फोन करावा असे मी सुचवले होते, पण ते तिने वहीतून काढून टाकले.